जास्वंदीवरचा मुका

पक्ष्यानं चोच उघडली, गळा फुगवला, शेपटी दोनदा उडवली, आणि आवाज काही आला नाही.

रावजी भातडे चहाचा कप हातात धरून मागच्या पडवीच्या पायरीवर बसले होते. जास्वंद त्यांच्यापासून हातभर लांब, आणि तिच्या टोकाच्या फांदीवर तो रोजचा, अंगठ्याएवढा पक्षी. पुस्तकात त्याला शिंजीर म्हणतात. घरात सगुणाबाई त्याला ‘जास्वंदीवरचा’ म्हणत आणि तेवढ्यावर दोघांचं भागत असे. डोक्यावर हिरवी टिकली, उन्हाकडे वळला की पेटणारी; गळा जांभळा; खांद्याला विटकरी झाक; आणि पोट असं पिवळं, की कोणी तरी हळदीत बुडवून फांदीवर निथळत ठेवलंय. एवढ्याशा अंगावर एवढे रंग ही निव्वळ उधळपट्टी आहे, असं रावजींचं जुनं मत होतं. एसटीत असता तर ऑडिटमध्ये अडकला असता. पण ती उधळपट्टी बघितल्याशिवाय त्यांना चहा उतरत नसे. फुलाच्या तोंडातून सरळ न शिरता बुडाशी वाकडी चोच खुपसून मध काढायची त्याची लबाडी तर त्यांना फार जवळची वाटे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे प्रवासी त्यांनी जन्मभर पाहिले होते. मध पिऊन झाला की तो फांदीच्या टोकावर बसून दोन मिनिटं जीव खाऊन गायचा. बारीक, धारदार, एकामागे एक सुया टोचाव्यात तसं. आजही तो तेच करत होता. गळ्यावरचं जांभळं थरथरत होतं, हिरवी टिकली वरखाली होत होती, नि आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद करावा आणि बातम्या देणारी बाई तशीच तळमळून बोलत राहावी, तसा तो बोलत होता.

रावजी एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून मायक्रोफोनमधून गाड्या सांगितल्या होत्या. त्यामुळे बिघाडाकडे बघण्याची त्यांची एक पद्धत होती. आवाज येत नसेल तर बोलणारा बोलत नाही, नाही तर वायर तुटलीय, नाही तर कर्णा गेलाय. ऐकणाऱ्याचा कान जाणं ही शक्यता त्या पद्धतीत बसतच नव्हती, कारण ऐकणारे शेकड्यांनी असत आणि सगळ्यांचे कान एकदम कसे जातील. त्यांनी रीतसर तपासणी केली. कावळा ऐकू येत होता. नाचणे रोडवरची रिक्षा ऐकू येत होती. आत सगुणाबाईंनी मिक्सर लावला होता, तो न ऐकण्याची सोयच नव्हती. म्हणजे कान शाबूत. म्हणजे पक्षी बिघडला. आणि पक्षी बिघडला असं एकदा ठरल्यावर तो कोणी बिघडवला हे ठरवायला रत्नागिरीत, ऐन मोहोराच्या दिवसांत, फार डोकं चालवावं लागत नाही. कुंपणापलीकडे लवू पावसकराची हापूसची कलमं होती. खरी बाग पावसला. ही घराजवळची पाच-सहा झाडं नुसती हौस म्हणून. पण फवारणी त्या हौसेवरही तितकीच जोरात चाले. काल दिवसभर पंपाची घरघर होती आणि औषधाचा वास अजून पडवीत बसला होता, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. रावजींना एकेक पुरावा आठवत गेला. गेल्या श्रावणात रातकिडे ओरडलेच नव्हते. डासांची गुणगुण तर दोन वर्षांपूर्वीच थांबली होती. त्याबद्दल टपरीवर त्यांनी नगरसेवकाचं चारचौघांत कौतुक केलं होतं, आणि तो बिचारा इतका गांगरला की कौतुक दुसऱ्या कोणाचं असेल म्हणून मागे वळून बघत राहिला. डास चावत होते, पण त्याला रावजी उष्णता समजत होते. आता सगळं स्पष्ट झालं. नगरसेवकाचा संबंध नव्हता. आधी डास, मग रातकिडे, आता हा. लवू एकेकाचा आवाज काढून घेत चालला होता. रावजींनी उरलेला चहा जास्वंदीच्या मुळाशी ओतला आणि ते तरातरा कुंपणाकडे निघाले.

लवू डोक्याला पंचा गुंडाळून मोहोर वाकवून बघत होता. “काय ओ कंट्रोलर, सकाळी सकाळी?”

“लवू, तुझ्या औषधानं पक्षी मुके झाले.”

“काय झाले?”

“मुके. आमच्या जास्वंदीवरचा. चोच उघडतो, आवाज येत नाही. घशाला लागलंय त्याच्या.”

लवूनं मोहोर सोडला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. बागवाल्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं याची त्याला सवय होती. भाव जास्त म्हणून बोलणी, आंबा आंबट निघाला म्हणून बोलणी. पण ही तक्रार नवीन होती. “तुडतुड्याचं औषध ओ ते. पक्ष्याच्या घशाला कसं लागंल?”

“मला शिकवू नको. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“डोळ्यांनी काय बघताव, कानांनी ऐका की.” लवूनं हात वर केला. मधल्या कलमाच्या शेंड्यावर, फिकट मोहोराच्या तुऱ्यात, पिवळं पोट आणि हिरवी टिकली चमकली. तोच, कुंपण ओलांडून आधीच येऊन बसला होता, जणू साक्षीला बोलावलं होतं. “हा काय. फटफटल्यापासून डोकं खाल्लंन माझं. आत्ता पण बोंबलतोय. मुका म्हणे.”

रावजींनी वर बघितलं. चोच उघडी होती. गळा थरथरत होता. लवू कान किंचित कलता करून उभा होता, गाणं आवडतंय हे कबूल न करता ऐकणाऱ्या माणसासारखा. त्याच्या पंच्यावर वाऱ्यानं मोहोर गळत होता. या सगळ्याच्या मधोमध रावजी उभे होते आणि त्यांच्यापुरती तिथं नुसती थंड, स्वच्छ हवा होती.

“हां,” रावजी म्हणाले. “म्हटलं बघू, तुझं लक्ष असतं का पक्ष्यांकडे. परीक्षा घेत होतो.”

“पास काय मी?”

“काठावर,” रावजी म्हणाले आणि हसले. हसताना आपलं हे हसू आपण कुठे तरी आधी बघितलंय असं त्यांना वाटलं आणि ते लगबगीनं परत फिरले.

कुंपणापासून पडवीपर्यंत अंतर ते किती, पण त्या वाटेवर त्यांना स्टँड भेटला. कर्ण्याच्या बरोब्बर खाली उभा राहणारा एक देवरुखचा म्हातारा. देवरुखची गाडी लागलीय असं रावजी ठणठणीत आवाजात सांगत, दोनदा सांगत, आणि मग तो म्हातारा खिडकीशी येऊन, काचेला नाक लावून विचारी, देवरुखची लागली काय? रावजी बोट दाखवत. म्हातारा हसे. जरा जास्त, जरा आधीच, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तयार असलेलं हसू. सगळं कळलंय असं दाखवणारं. तेच हसू आपण आत्ता लवूला दिलं. लवूलाच कशाला? परवा बँकेतल्या मुलीला दिलं होतं. शेजारच्या ईशाला, ती पास झाल्याचं सांगायला आली तेव्हा दिलं होतं. केव्हापासून देतोय? पायरीशी आल्यावर त्यांना बसवेना. आत गेले, आत उभं राहवेना. त्यांनी चमचा कपावर हलकेच मारला, मग जोरात मारला. किल्ल्यांचा जुडगा कानाशी हलवला. पाण्याची धार सोडून बघितली. प्रत्येक आवाज यायचा, पण वरची साय काढून घेतल्यासारखा. किल्ल्या टेबलावर नव्हे, सतरंजीवर पडल्यासारख्या. घरातून काय काय गेलंय याची मोजदाद चोरी झाल्यावर करतात तसे ते खोलीखोलीतून फिरत होते, आणि चोरानं दार न फोडता, रोज थोडं थोडं करून, मालकाच्या समोरच घर हलकं केलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ते थांबले. सगुणाबाई पाटावर पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. सूप वरखाली होत होतं, मनगटं हलत होती. रावजींना एकदम आठवलं, की एके काळी अंधारात, वीज गेलेली असताना, ही घरात कुठे आहे हे आपल्याला न बघता कळायचं. बांगड्यांवरून. मग केव्हा तरी ते थांबलं, आणि आपण मनाशी म्हटलं होतं, वयानं शांत झाली, काचेच्या बांगड्या सोडून दिल्या असतील, चला, बरं झालं. ते जरा पुढे झाले. मनगटावर बांगड्या होत्या. दोन्ही हातांत. सुपाबरोबर त्या खालीवर होत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या, चांगल्या आपटत होत्या.

ते मागच्या पावलानं बाहेर आले. आणि तिथं त्यांच्यासमोर पडवीच्या आढ्याखालून कॅमेऱ्यानं मान वळवली.

हा कॅमेरा सर्वेशनं बसवला होता. गेल्या पावसाळ्यात सगुणाबाई विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर शेवाळावरून घसरल्या, तेव्हा लेक ठाण्याहून गाडी घेऊन धावत आला, आईचा पाय प्लास्टरमध्ये बघून दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं अट घातली. गुडघे, डोळे, कान. तिन्हींतलं एक जरी गेलं, तर बाबा, मी येणार, कुलूप लावणार, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे. तेव्हा वाद घालायचा नाही. रावजींनी हो म्हटलं होतं. तिन्ही तेव्हा शाबूत होती आणि शाबूत वस्तूंवर कोणीही सही करतो. ठाण्याचं घर त्यांनी बघितलेलं होतं. चौदावा मजला, चांगलं, हवेशीर, सून मायाळू. खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी. पंधरा दिवसांत रावजींनी तिथं एकच काम केलं होतं, ते म्हणजे पाय वर घेऊन बसणं, फरशी पुसणारी बाई यायची म्हणून. आभाळ भरपूर होतं, पण पायरी नव्हती. चहा घेऊन बसायचं कुठं?

“बाबा,” कॅमेरा म्हणाला. पुरुषी आवाज त्यांना अजून स्वच्छ येई, आणि सर्वेशचा तर त्यांच्याच वळणाचा, खर्जातला. “मघापासून कोण गातंय हो? फोनवर कॅमेरा चालू ठेवलाय नि मिटिंगमध्ये सगळे विचारतायत. जास्वंदीवरचा का?”

जास्वंद कॅमेऱ्याच्या पाठीशी होती. कॅमेऱ्याला विहीर दिसे, दगड दिसे, आईबाप दिसत, पक्षी नाही. रावजींनी मान न वळवता डोळे वळवले. फांदीच्या टोकावर तो होता. चोच मिटलेली की उघडी ते पानामुळे कळत नव्हतं.

“तोच तो,” रावजी म्हणाले. “ऐकतोय ना मी. काय तान घेतोय बघ आत्ता.”



“आत्ता?” सर्वेशनं विचारलं. “आत्ता थांबला ना तो.”

“म्हणजे... मघाची तान. ती कानात आहे अजून.”

“हां,” सर्वेश म्हणाला. मग म्हणाला, “शिमग्याला येतोय मी. बोलू तेव्हा,” आणि कॅमेऱ्याचा निळा दिवा गेला.

शिमग्याला तो दर वर्षी यायचा. पालखी नाचवायचा, पुरणपोळी खायचा, जायचा. पण ‘बोलू तेव्हा’ हे शब्द दर वर्षी नसत. रावजींनी ते शब्द दिवसभर अंगणात फिरवले. त्यांना काही करावंसं वाटेना आणि न करताही बसवेना. त्यांनी विहिरीत पोहरा सोडला आणि पाणी न काढता वर घेतला. जास्वंदीच्या तीन फांद्या छाटायला घेतल्या, मग त्याचीच बसायची फांदी त्यात आहे हे बघून कोयती ठेवून दिली. हिशेब साधा होता. शिमग्याला सर्वेश या पायरीवर बसेल, तो पक्षी येईल, आणि सर्वेश त्यांच्याकडे बघेल. तोपर्यंत शिकून घ्यायचं. शेपटी दोनदा उडाली की गाणं सुरू होतं; चोच पानाला पुसली की संपलं. पाठ करून टाकायचं. वेळापत्रक तर त्यांना उभं आडवं पाठ होत असे. दुपारी जेवायचं सोडून ते पायरीवर बसले आणि पक्षी आला तशी त्यांनी नजर लावली. शेपटी. गळा. पान. पुन्हा शेपटी. आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की आपण आज त्याचे रंग बघितलेलेच नाहीत. इतकं निरखून बघतोय आणि हिरवं कुठं, जांभळं कुठं, काही दिसत नाहीये. तिकीट तपासनिसासारखे आपण त्याच्या चोचीवर टपून बसलोय. आवाज गेला होता. आता हा खोटेपणा उरलेला पक्षीही खाणार.

“जेवताव की त्याला जेवायला बोलावताव?” सगुणाबाई मागून म्हणाल्या. त्या मोठ्यानं बोलल्या. नेहमीसारख्याच मोठ्यानं. हे ‘नेहमीसारखं’ रावजींना पहिल्यांदा ऐकू आलं.

“तू एवढी ओरडून का बोलतेस?”

सगुणाबाई पायरीवर बसल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, दुखरा पाय लांब करून. “दोन वरसं ओरडतेय. तुमाला वाटलं बायको कजाग झाली. मी म्हटलं, वाटू दे.”

“तुला ठाऊक होतं?”

“तुमच्या आईचं असंच झालं न्हवतं? आधी बारीक आवाज गेले. पैंजण नाय, कुकरची शिट्टी नाय, चिमणी नाय. माणसांचं बोलणं मात्र ऐकायच्या. नको तेवढं ऐकायच्या.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “कुकर मीच उतरवते, फोन वाजला की मीच हाक मारते. तुमाला वाटतं तुमी उचलताव.”

“सर्वेशला बोललीस?”

“मी कशाला बोलू? त्या ठाण्यात मला कोण वळखतंय?” त्या जास्वंदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण अवो, मी दमले. तुमच्यासाठी ऐकायचं त्याचं काय नाय. ते लपवायचं, त्यानं दमले. तो लांबनं बघतोय, त्याच्यासमोर रोज नाटक. पोरगा हाय तो आपला, तिकीट चेकर नाय.”

रावजींच्या मनातला तपासनीस तिच्या तोंडून बाहेर पडला होता आणि आता त्याला परत आत घेता येत नव्हतं. पक्षी उडाला. फांदी हलत राहिली. ते संध्याकाळभर हलत्या फांदीसारखे इकडून तिकडे झाले. एकदा वाटे, सांगून टाकावं. एकदा वाटे, कुलूप. त्या कुलपाची किल्ली सर्वेशच्या गाडीत, आरशाला लोंबकळताना त्यांना दिसायची, आणि मागे जास्वंद, तिच्यावर तो, कोणी नसलेल्या पायरीसमोर चोच उघडणारा. विचित्र गोष्ट अशी, की त्या चित्रातही आवाज नव्हता.

सकाळी त्यांनी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. चहाचा कप पायरीवर ठेवला आणि ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, काचेच्या खोलीत राहत तसे. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. सगुणाबाई दगडावर कपडे घेऊन बसल्या होत्या, त्या थांबल्या. जास्वंदीवरचा आला. त्यानं एका फुलाच्या बुडाशी चोच खुपसली, दुसऱ्याच्या खुपसली, मग फांदीच्या टोकावर गेला. शेपटी दोनदा उडाली. रावजींनी भिंतीवरचं कॅमेऱ्याचं बटण दाबलं, निळा दिवा लागेपर्यंत थांबले आणि घसा साफ केला.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे,” ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी तो आवाज निघाला, पण निघाला तो ठणठणीत. पलीकडे लवूच्या हातातला पंप थांबला. “नाचणे रोड, मागील दारी, जास्वंदीवर पक्षी आलेला आहे. डोक्यावर हिरवी टिकली, गळा जांभळा, पोट पिवळं. तो गात आहे. कंट्रोलरला तो ऐकू येत नाही. दोन वर्षं बारीक आवाज येत नाहीत. काल कंट्रोलर खोटं बोलला. प्रवाशांनी नोंद घ्यावी.”

पुढचं वाक्य ठाण्याबद्दलचं होतं, आणि ते त्यांनी रात्रभर जुळवलं होतं. पण ते घशात आलं आणि तिथंच राहिलं. घशाला लागणं म्हणतात ते हेच असावं.

निळा दिवा चालू होता.

“बाबा,” सर्वेश शेवटी म्हणाला, “मला कालच कळलं होतं.” आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “मला इथून तो दिसत नाही. काय रंगाचा म्हणालात?”

रावजींनी पुन्हा सांगितलं. या वेळी कंट्रोलरच्या आवाजात नव्हे. खांद्याची विटकरी झाक सांगितली, ती मघाशी राहिली होती. ऊन डोक्यावर आलं की टिकली कशी पेटते ते सांगितलं, आणि सांगताना ती त्यांना पेटलेली दिसली.

“आत्ता गातोय?” सर्वेशनं विचारलं.

रावजींनी बघितलं. “नाही. चोच पुसतोय.”

“बरोबर.” जरा वेळानं, “आत्ता?”

“सुरू झाला.”

“हां. झाला.” मग सर्वेश काही तरी ठरवत असल्यासारखा थांबला. “शिमग्याला येतो तेव्हा चिपळूणला जाऊ, कानाच्या डॉक्टरकडे. मशीन लावायचं, कुरकुर करायची नाही.”

“आणि कुलूप?”

“कुलूप राहू दे. पण खोटं बोललात तर बघा.”

रावजी यावर काही तरी चपखल बोलणार होते. त्यांचं बोलणं सहसा अडत नसे. तेवढ्यात सर्वेश म्हणाला, “आणि हे काय वाजतंय? पक्षी नाही, दुसरंच. बारीक, किणकिण.”

रावजींनी जास्वंदीकडे बघितलं. पक्षी उडून गेला होता. लवूकडे बघितलं, तो नाकासमोर मोहोर धरून, आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा करून उभा होता. मग ते वळले. विहिरीशी सगुणाबाईंनी साडी पिळायला घेतली होती, दोन्ही हातांनी, आवळून, मान खाली घालून.

“बांगड्या,” रावजी म्हणाले. “तुझी आई आहे.” आणि कंट्रोलरनं माहिती अर्धी देऊ नये म्हणून ते दोन पावलं पुढे झाले, वाकले, आणि बघू लागले. “काचेच्या. हिरव्या आहेत. मधूनमधून सोनेरी रेघ.”

“काय बघताव एवढं?” सगुणाबाई म्हणाल्या.

“थांब, हात हलव,” रावजी म्हणाले. “एक तडकलेली दिसतेय.”